देवडीतलं अर्धं बोलणं

सोमवार, ९ डिसेंबर

आधी आली ती एक चष्म्याची पोरगी. केस मानेवर कापलेले, पाठीला हे एवढं दप्तर. मला वाटलं पाण्याचा जार सांगायला आली, कारण उभी राहिली ती वेशीत, नेमकी संतोषच्या जारांपुढं. मग मोटरसायकलवर दोन पोरं, आणि मागनं रिक्षानं त्यांचे सर. सर म्हणजे तरी काय, आपल्या सूरजपेक्षा लहान, दाढी मात्र ऋषीसारखी. उतरल्या उतरल्या रिक्षावाल्याशी वाद. रिक्षावाला म्हणाला, "मीटर दिसतोय ना, का तोही मीच वाचून दाखवू?" म्हणजे बघ, गावात पाय ठेवायच्या आधीच करमणूक.

सरू, दचकू नकोस. मीच आहे, मुक्ता, तुझी थोरली जाऊ. अक्षरावरनं ओळखणार नाहीस, कारण तू वाचत नाहीस आणि मी कधी लिहिलं नाही. चौथीपर्यंतची शाळा आज कामाला आली. उत्कर्षा, बाळा, आजीला तूच वाचून दाखवत असशील, तर सावकाश वाच, आणि ती "पुरे" म्हणाली तरी थांबू नको. ती सगळ्याला पुरे म्हणते आणि ताट पुढं करते. पत्ता तुमच्याकडल्या लग्नपत्रिकेवरनं घेतला. लग्नाला आमच्यातलं कुणी आलं नाही, पण पत्रिका मी देवाजवळ ठेवली होती.

शपथ मोडली असं म्हणू नकोस. ह्यांनी माझा हात सूरजच्या डोक्यावर ठेवून वदवून घेतलं होतं, की त्या घराशी बोलणार नाही. भाऊजींनी तुझा हात इंद्रजीतच्या डोक्यावर. बोलणार नाही, एवढंच होतं त्यात. लिहायचं नाव कुणी काढलं नव्हतं, ह्या दोघी लिहितील असं त्यांच्या स्वप्नातसुद्धा आलं नसेल. दोघं भाऊ गेले, शपथ घालणारे गेले, आणि शपथ तेवढी मागं राहिली, कारण ज्यांच्या डोक्यावर ती आहे ती पोरं सुखरूप आहेत. असू देत.

तर काय सांगत होते. आपली वेस अजून उभी आहे. एका अंगाला मोबाईलचं दुकान, दुसऱ्या अंगाला एटीएम, मधनं स्कुटरी जातात. आतल्या बसायच्या दोन्ही देवड्या तशाच, भिंतीच्या पोटात, एकमेकींकडं तोंड करून. उजवीकडची मामंजींची, ती मोकळी आहे. डावीकडं त्यांचे सोबती वैजनाथबापू बसायचे, तिथं आता संतोषनं पाण्याचे जार रचलेत. संतोष म्हणजे बापूंचाच नातू. आजोबा कुठं बसायचे ते त्याला ठाऊक नाही, पण धंदा मांडलाय बरोबर त्यांच्या जागी.

मी रोज संध्याकाळी तिकडं जाते, कोथिंबीर आणायला. आजही गेले. वेशीत शिरताना चपला काढल्या, हातात घेतल्या, पदर पुढं ओढला, मान खाली घातली आणि पार पलीकडं गेले. तुला काय सांगायचं, तूही तेच केलं असतंस. पलीकडं चपला घालताना मागं बघते, तर ती चष्म्याची पोरगी बूट काढतीय. मग ती दोघं पोरं. मग सर. ओळीनं आत आले आणि संतोषच्या जारांना हात जोडून उभे राहिले. एकानं तर डोळे मिटले.

संतोष म्हणाला, "नळाला पाणी येत नाही म्हणून आता जारालाच नवस का?"

सर माझ्या मागं आले. "आजी, इथे कुठलं देवस्थान आहे?"

म्हटलं, "देव न्हाई. माझे सासरे बसायचे."

"अच्छा. आता कुठे असतात?"

"वारले. लई वर्षं झाली."

"मग तुम्ही चपला का काढल्या?"

मी म्हणाले, "ते न्हाईत, पण जागा हाय की."

बाकीची हसली. ती पोरगी, ऋचा तिचं नाव, ती हसली नाही. तिनं वहीत देवस्थान म्हणून लिहून टाकलं होतं, ते खोडलं, आणि माझ्या पायांकडं बघत राहिली.

ते आर्किटेक्टच्या कॉलेजातले आहेत. जुन्या बांधकामात बसायच्या जागा कशा असायच्या, माणसं कुठं बसून बोलायची, ते मोजत हिंडतात. सलिल सर त्यांचं नाव. ते सांगत होते, डोंगरातल्या लेण्यांत म्हणे दोन हजार वर्षांमागं भिक्षूंनी भिंतीला लागून दगडाचेच बाक कोरून ठेवलेत. जुन्या देवळांच्या मंडपात कडेनं बसायला दगडी आसनं, त्यांना टेकायला कलती पाठ सुद्धा. "आजी, त्या लोकांनी आधी बसायचा विचार केला, मग भिंतीचा." मला हे फार आवडलं. मी म्हटलं, आमच्या सोसायटीत चला, तिथं उलटं आहे. खाली लिफ्टपाशी मोठा सोफा आहे, आणि त्याच्या वर पाटी, "येथे विनाकारण बसू नये." मी वॉचमनला विचारलं, बसायला कसलं कारण लागतं रं? तो म्हणाला, "आजी, मला पण उभं राहायचाच पगार आहे."

गुरुवारी टेप घेऊन परत येणार आहेत. किती दिवसांनी कुणी मला काही विचारलं, आणि उत्तर देईपर्यंत थांबलं. घरात सगळं चांगलं आहे, काही कमी नाही. सूरज, सूनबाई सकाळी जातात, दिवेलागणीनंतर येतात. सातवा मजला आहे, उजेड भरपूर.

सूनबाईनं काल फ्रीज उघडून विचारलं, "आई, कोथिंबिरीच्या इतक्या जुड्या कशाला?" मी म्हटलं, स्वस्त होती.

मुक्ता


गुरुवार, मार्गशीर्षातला दुसरा

सरू, ते आले. येतो म्हणून सांगितलं त्याच दिवशी आले, हल्ली असं कोण येतं. मी पूजा उरकून, साडी बदलून जाऊन उभी होते. कोथिंबिरीची पिशवी घेतली होती हातात, नाहीतर संतोष चिडवतो.

सगळं मोजलं त्यांनी. देवडीची खोली, उंची, कमान कुठनं वळते ते. मग सर म्हणाले, नुसती जागा मोजून कळत नाही, माणूस बसलेलं बघायला पाहिजे. ऋचा म्हणाली, "आजी, तुम्ही बसता?"

मी म्हटलं, "मी? तिथं?"

"का? काय प्रॉब्लेम आहे?"

प्रॉब्लेम काय सांगणार? बायका बसत नव्हत्या, एवढं एका शब्दात सांगितलं, तर तिनं लगेच वहीत लिहिलं. आपलं सगळं आयुष्य त्या पोरीच्या वहीत एका ओळीत बसलं बघ. संतोष जार उचलता उचलता म्हणाला, "बसा की आजी. आता कोण बघायला हाय?"

त्यानं थट्टेनं म्हटलं, पण खरंच कोणी नव्हतं गं बघायला. बसले.

सरू, दगड गार असेल असं मला वाटलं होतं. तसा नाही. पाठीमागची भिंत गुळगुळीत आहे, किती पाठी टेकल्या असतील. आणि खालच्या कडेला टाचा आपटून आपटून दोन खळगे पडलेत. माझे पाय तिथवर पोचेनात. मामंजी उंच होते.

पण खरी गंमत पुढं. बसले, मान खाली घातली, सवयच आहे. आणि बाहेर रस्त्यावरचा सगळा कल्ला एकदम लांब गेल्यासारखा झाला, आणि वेशीच्या दिशेनं येणारी पावलं तेवढी कानापाशी. कोणी वेशीत शिरलेलं नसताना, अगदी जवळ. सर म्हणाले, वरच्या कमानीमुळं आवाज वळून बसणाऱ्याच्या कानाशी येतो, पहारेकऱ्याची जागा ही, कोण येतंय ते त्याला आधी कळावं म्हणून. मी ऋचाला म्हटलं, जा, बाहेरनं चालत ये. मग त्या पोरांना धाडलं. मी मान वर केली नाही. तिघांची पावलं मी दोन खेपांत ओळखायला लागले. एक पोरगा डावा बूट घासतो. ऋचा टाच आधी टेकते.

आणि मग मला आपलं सगळं आठवलं.

उत्कर्षा, तुला ठाऊक नसेल म्हणून सांगते, आजी सांगायची नाही. आमच्या वेळी सुनेनं सासऱ्याशी बोलायचं नसे, सासऱ्यानं सुनेशी नाही. एका घरात राहून तीसेक वर्षं मामंजींनी मला नावानं हाक मारली नाही. काही सांगायचं तर सासूबाईंना सांगायचे, त्या गेल्यावर पोरांना. पण घराचं, शेताचं, कुणाच्या सोयरिकीचं जे काही ठरायचं ते ठरायचं वेशीत. मामंजी इकडच्या देवडीत, बापू तिकडच्या, आणि मधल्या वाटेनं आम्ही बायका चपला हातात घेऊन जायचो. जाताना किती ऐकू येणार? एखादं वाक्य, तेही धड नाही. म्हणून आम्ही दोघी जावांनी पाळ्या लावल्या होत्या. एक धुणं घेऊन बाहेर निघाली, की दुसरीनं थोड्या अंतरानं गवताचा भारा घेऊन आत यायचं. अर्धं मी आणायची, अर्धं तुझी आजी. संध्याकाळी भाकऱ्या थापताना दोन्ही तुकडे जोडायचो. म्हैस विकायची ठरली ते आम्हाला ह्यांच्या आधी कळलं होतं. सूरजला शहरातल्या शाळेत घालायचं, तेही. आम्हाला वाटायचं, काय हुशार आम्ही, कुणाला पत्ता नाही.

सरू, ते आपले पाय ओळखत होते गं. अनवाणी पाय, जोडव्यांचा आवाज, फरशी, वर ती कमान. तू उजवा पाय जरा ओढायचीस. माझं पाऊल जड. वेशीत शिरायच्या आधी त्यांना कळत असणार, थोरली येतीय का धाकटी. मग म्हशीचं बोलणं नेमकं आपण जातानाच कसं निघायचं? गप्प राहता आलं नसतं त्यांना? बापू कितीदा तरी मी आत आले की खोकायचे आणि मगच बोलायला लागायचे. मला वाटायचं तंबाखूचा खोकला.

आपण चोरून ऐकत नव्हतो. ते आपल्याला सांगत होते.

पान संपलं.

मुक्ता


मंगळवार, १७ डिसेंबर

पान संपलं नव्हतं. मागची बाजू कोरी होती. पुढचं लिहायला धीर होईना, म्हणून तसं लिहिलं.

तुला तो दिवस आठवत असणारच, वाटणीचा. दुपारी मी धुणं घेऊन वेशीतनं बाहेर गेले होते. तू माझ्या मागनं भारा घेऊन आत येणार होतीस. नेहमीसारखंच. मामंजी बापूंना सांगत होते. माझ्या वाट्याला आलं ते एवढंच, "दोघींतली एक जरी नसती, तर हे घर..." तेवढ्यात मी पलीकडं पोचले. थांबता येत नव्हतं. थांबलं तर ऐकतोय असं झालं असतं.

मग संध्याकाळी भाकऱ्या झाल्याच नाहीत. विहिरीच्या पाण्याच्या पाळीवरनं दोघं भाऊ हमरीतुमरीवर आले. पोरांच्या डोक्यावर आपले हात ठेवले. सकाळी तुझी चूल परसात, आणि महिन्याभरात तुम्ही बिबवेवाडीला. माझा तुकडा माझ्याकडं राहिला, तुझा तुझ्याकडं.

त्यानंतर मामंजी वेशीत बसलेच नाहीत. घरात भिंतीकडं तोंड करून असायचे. त्याच वर्षी गेले. दहाव्याला तू आली होतीस, बायकांत बसलीस, माझ्याकडं बघितलंस. ह्यांच्या दहाव्यालाही आलीस. भाऊजींच्या वेळी मी आले. सुतक धरायला भावकी आणि बोलायला परकी. मी तेव्हाही मनात म्हणत होते, नुसतं ते अर्धं वाक्य सांगून जा.

वीस-बावीस वर्षं मी ते जोडून बघतेय. भाजी निवडताना बघते, पोळी लाटताना बघते. दोघींतली एक जरी नसती, तर हे घर सुखी झालं असतं. असंही बसतं ना त्यात? मी थोरली. मला तोडून बोलायची सवय होती, सासूबाई म्हणायच्या. कधी वाटतं, तसं म्हणाले नसतील. मग वाटतं, मला बरं वाटावं म्हणून मीच शेपूट जोडतेय. आधी म्हणायचे, जाऊ दे, म्हातारा माणूस बापूंशी काहीतरी बोलला असेल. पण गुरुवारपासून तसं म्हणता येत नाही. त्यांना माझं पाऊल कळलं होतं. मागनं तू येतीयस तेही कळलं असणार. म्हणजे ते वाक्य आपल्यासाठीच होतं. तीस वर्षांत माझ्याशी बोललेलं एकच वाक्य, आणि तेही माझ्याकडं अर्धं.

सूरजला विचारलं, शपथ मोडली तर काय होतं रे? तो मोबाईलमधनं मान न काढता म्हणाला, "काही होत नाही आई, फोन कर काकूला." त्याला सांगायला काय जातंय. डोकं त्याचंच आहे, म्हणून तर मला भ्या वाटतं.

रविवारी ते परत येणार आहेत. समोरासमोर दोन माणसं बसवून, दोन्ही देवड्यांत आवाज कसा येतो जातो ते बघायचंय त्यांना. सर म्हणाले, "आजी, तुमच्या वयाचं आणखी कुणी आहे का?" मी म्हटलं, आहे एक. बिबवेवाडीला असते.

उत्कर्षा, हे पत्र दोनदा वाच.

मुक्ता


गुरुवार, शेवटचा

रविवारी कुणी आलं नाही. पोरांची परीक्षा निघाली. ऋचाचा फोन सूरजच्या फोनवर आला होता, म्हणजे विसरली नाहीत. मी पुरणपोळ्या केल्या होत्या, त्या वॉचमनला दिल्या. तो सोफ्यावर बसून खात होता. मी म्हटलं, आता कारण आहे ना?

तुझ्याकडनंही काही नाही. पोस्टाचं काही खरं नसतं, मला ठाऊक आहे.

मी आता रोज देवडीत बसते. पहिल्या दिवशी लोक बघायचे, आता नाही बघत. फार कुणी येत नाही बोलायला. स्कुटरवाले हॉर्न मारत जातात. एक पोरगी फोनवर बोलत माझ्यापुढं उभी राहिली होती, मला वाटलं माझ्याशीच बोलतीय, मी उत्तर दिलं. "सॉरी आजी, कॉलवर आहे," म्हणाली. चुकलं माझंच. पण आवाज चांगला येतो इथं, सगळ्यांची अर्धी अर्धी बोलणी ऐकते. जोडायला कोणी नाही, म्हणून मग घरी जाईपर्यंत विसरते.

संतोषला म्हटलं, समोरचे जार हलव.

"कशाला?"

"समोर कुणी बसलं तर?"

"कोण बसणार हाय आजी? नाव सांगा, चिठ्ठी चिकटवून जागा राखून ठेवतो."

मी नाव सांगितलं नाही. त्याच्या तोंडावर बोलायचं आणि तू यायची नाहीस. वरनं सगळ्या गावभर करणार तो. बापूंचा नातू, पोटात काही राहत नाही.

तुला राग असेल तर असू दे. तुझा तुकडा कडू असेल आणि म्हणून सांगत नसशील, तरी सांग. तेवढं सोसेल इतकं वय झालंय माझं. आणि तू विसरली असशील, तर तसंही कळव. मग मी ऋचाला समोर बसवीन आणि गप्प राहीन.

आज एकही जुडी घेतली नाही. नुसतीच गेले होते.

मुक्ता


शनिवार, ४ जानेवारी

सरू, तुझी नात काल आली. स्कुटरवरनं, तोंडाला चोरासारखा रुमाल बांधून. सोसायटीच्या दारात वॉचमननं वहीत नाव लिहायला लावलं, कुणाकडं, काय काम. तिनं कामापुढं "बसायला" असं लिहिलं म्हणे. तुझं रक्त आहे, मी लगेच ओळखलं.

घरात घेतलं, चहा टाकते म्हटलं, तर बसेना. "थोरल्या आजी, मला आजीनं सक्त सांगितलंय. घरात नाही सांगायचं. वेशीत जाऊन सांगायचं."

म्हटलं, "अगं पण काय?"

"ते पण वेशीतच."

लिफ्टमध्ये मी तिच्याकडं बघत होते. नाक तुझं आहे. हनुवटी भाऊजींची, त्याला इलाज नाही. गेल्या गेल्या तिनं संतोषला सांगितलं, "दादा, हे जार बाहेर ठेवाल का प्लीज, मला इथे बसायचंय." मी इतके दिवस सांगतेय तर चिठ्ठी चिकटवतो म्हणाला, आणि तिच्या एका प्लीजवर निम्मी देवडी मोकळी केली. मग ती बापूंच्या जागी बसली, मी मामंजींच्या.

आणि तुझी ती पोरगी, सरू, एकदम गंभीर झाली. पाठ केलेलं म्हणावं तसं सांगितलं. मी लिहून ठेवते, तिनं काही गाळलं असेल तर तू कळव.

"आजी म्हणाली, मी भारा घेऊन आत शिरले तेव्हा मामंजी म्हणाले, 'केव्हाच फुटलं असतं.' त्यावर बापू म्हणाले, 'मग सांगा की त्यांना.' आणि मामंजी म्हणाले, 'सांगतोय की.'"

एवढंच.  

ती म्हणाली, तुला इतकी वर्षं वाटत होतं की गावच्या तळ्याचं बोलणं चाललं होतं. त्या साली बांधाला भगदाड पडलं होतं, म्हणून. आणि सांगायचं ते बांधावरच्या गड्यांना. माझं तिसरं पत्र वाचून झाल्यावर तू म्हणे उठून मोरीत गेलीस आणि बराच वेळ नळ सोडून ठेवलास. आणि तिसऱ्या दिवशी उत्कर्षाला म्हणालीस, गाडी काढ. उत्कर्षा, हे मी लिहिलं म्हणून रागावू नको, तूच सांगितलंस.

मी काय केलं ते सांगू? मी हसले. संतोष बघायला लागला. त्या माणसानं आपल्या दोघींना एक वाक्य दिलं, अर्धं अर्धं, आपण ते संध्याकाळी जोडणार हे त्याला ठाऊक होतं म्हणून. आणि नेमकं त्याच संध्याकाळी घर फुटलं. एका भाकरीचा उशीर झाला गं. आपण जोडलं असतं, तर हात ठेवू दिले असते का आपण पोरांच्या डोक्यावर? काय माहीत. दिलेच असते बहुतेक. तेव्हा कुठं कुणापुढं तोंड उघडत होतो.

हसले ते बरंच झालं, कारण मग थांबेना, आणि त्याचं दुसरंच काहीतरी व्हायला लागलं. उत्कर्षा समोरनं उठून माझ्या देवडीत येऊन बसली. दोघींना जागा पुरते. मामंजी एकटे बसायचे, त्यामुळं कधी कळलं नव्हतं.

आता कामाचं. ऋचाचा फोन आला होता, परीक्षा संपली. ते येणार आहेत. तुला गुडघ्यामुळं जिना उतरायला जमत नाही, स्वारगेटला बस बदलायचं तर नावच नको, हे उत्कर्षानं सांगितलं. ती तुला रिक्षानं आणणार आहे. इंद्रजीतला सांगितलंय म्हणे. तो "बघू" म्हणाला. त्या घरात "बघू" म्हणजे हो असतं का नाही, ते तुला ठाऊक.

शपथेचं मी सगळं बघून ठेवलंय. तू माझ्याशी बोलायचं नाहीस, मी तुझ्याशी बोलायचं नाही. तू बापूंच्या देवडीत बसायचं आणि जे काय सांगायचं ते ऋचाला सांगायचं. मी माझ्या देवडीत बसून सलिल सरांशी बोलेन. गुडघ्याचं बोल, भाऊजींचं बोल, बिबवेवाडीच्या पाण्याचं बोल, काय वाटेल ते. मधल्या वाटेनं जाणाऱ्याच्या कानावर पडलं तर पडलं, त्याला कोण काय करणार. मामंजींनी तीस वर्षं हेच केलं आणि त्यांची रीत कुठं मोडली नाही. सूरजचं, इंद्रजीतचं डोकं जागच्या जागी राहील.

एक मात्र कर. रिक्षा वेशीच्या आत आणू नकोस, अलीकडंच उतर. चपला काढायच्या का नाही ते तुझं तू बघ, आता कुणी बघायला नाही, आणि गुडघा दुखत असेल तर राहू दे. पण चालत ये. मी मान वर करणार नाही. खूप गाड्या असतात, तरी पाय ओढल्याचा आवाज ओळखू येईल मला.

संतोषनं सगळे जार हलवायचं कबूल केलंय. हा माणूस आयत्या वेळी फिरतो, म्हणून मी त्याला सांगितलंय की तुझ्या आजोबांची जागा आहे ती. तो म्हणाला, "काय सांगता? आधी नाही सांगितलंत." मी म्हटलं, तू आधी विचारलं नाहीस. परत जाताना त्यानं एक जार उचलला आणि चपला काढून आत गेला.

मागच्या वेळीही येतो म्हणाले होते आणि परीक्षा निघाली, म्हणून मी फार धरून बसले नाहीये. पुरणपोळ्या करणार नाही. तीळ तेवढे भाजून ठेवीन, ते काय फुकट जात नाहीत.

येणार म्हणालेत ते रविवारी, भोगीच्या आदल्या दिवशी, ऊन उतरल्यावर.

मुक्ता